ओरखड्याची खोली

फायबरच्या बोटीवरचा ओरखडा बहुधा दिसतो त्यापेक्षा उथळ असतो आणि त्याच्यावर केलेला उपाय हवा त्यापेक्षा खोल जातो. धक्क्याला घासून आलेली पांढरी रेघ पाहिली की मालकाचा जीव कासावीस होतो. मग जो काचपेपर हाताशी असेल तो घेऊन घासायला सुरुवात होते. रेघ जाते, पण तिच्या जागी तळहाताएवढा निस्तेज डाग उरतो. तो घालवायला आणखी घासले जाते आणि शेवटी खालचे हिरवट काचेचे धागे वर डोकावू लागतात. ओरखड्याने जेवढे कवच नेले नव्हते तेवढे दुरुस्तीने नेलेले असते. हे टाळायचे तर हत्यार उचलण्याआधी बोटीचे अंग कशाचे आहे, ते किती जाड आहे आणि ओरखडा त्यात कुठवर पोचला आहे, हे समजून घ्यायला हवे.

लाकडाची होडी आतून बाहेर घडते. आधी सांगाडा, मग फळ्या, शेवटी तेल-रंग. फायबरची बोट उलटी, म्हणजे बाहेरून आत घडते. पेणच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती साच्यात ओततात, तसाच इथे बोटीचा साचा असतो. फरक इतकाच की मूर्तीला रंग शेवटी लागतो, बोटीला तो सर्वांत आधी लागतो. आरशासारख्या गुळगुळीत केलेल्या साच्याला आतून मेण चोळतात आणि त्यावर रंग मिसळलेल्या दाट पॉलिएस्टर रेझिनचा थर फवारतात. हाच जेलकोट. तो जरा आवळला की मागून काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन यांचे थर एकावर एक चढवतात. सगळे कडक झाले की साच्यातून बोट बाहेर काढतात, ती चकाकतच बाहेर येते. ती चकाकी साच्याच्या पृष्ठभागाची असते, वरून कोणी पॉलिश मारलेले नसते. अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडो इथे रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतूंची छोटी होडी घडवली. पुढच्या वीस वर्षांत ही पद्धत जगभर पसरली. आज कोकणात मालवणच्या पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींपासून आउटबोर्ड इंजिनावर चालणाऱ्या लहान मासेमारी होड्यांपर्यंत असंख्य बोटी याच रीतीने घडलेल्या आहेत.

जेलकोटची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. म्हणजे ५०० मायक्रॉन, थोडे कमी-जास्त. मोटारीच्या रंगावरचा पारदर्शक थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो, म्हणून मोटारीवर चुकीला फार जागा नाही. बोटीवर त्याच्या दसपट भांडवल आहे. पण ते भांडवल एकदाच मिळते. दरवर्षी ‘जरा रबिंग मारून घेऊ’ म्हणत चकाकी आणली जाते, तेव्हा प्रत्येक वेळी त्यातले काही मायक्रॉन जातात, आणि कडांवर व कोपऱ्यांवर ते सर्वांत आधी संपतात. मधल्या सपाट भागापेक्षा कडेवर मशीनचा दाब जास्त पडतो, त्यामुळे तिथे पहिल्यांदा खालचा थर दिसू लागतो.

ओरखडा दिसतो तरी का? गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परततो, म्हणून चकाकी. ओरखड्याच्या खडबडीत कडांवर तो दाही दिशांना विखुरतो, म्हणून पांढरी रेघ. निळ्या किंवा काळ्या बोटीवर ती डोळ्यांत भरते. पांढऱ्या बोटीवर तीच रेघ मळ साचल्यावर राखाडी दिसू लागते. यातूनच फार उपयोगी चाचणी मिळते. ओरखड्यावर ओले बोट फिरवा. पाणी त्या बारीक खाचांत भरते. प्रकाश वाकवण्याचा पाण्याचा गुण हवेपेक्षा जेलकोटच्या बराच जवळचा असल्यामुळे विखुरणे कमी होते. ओले असताना रेघ नाहीशी झाली तर ती नुसत्या पॉलिशने जाईल, लांबी भरायची गरज नाही. ओली असूनही दिसत राहिली तर तिला खोली आहे. मग नख आडवे फिरवून पाहा. नख अडकले नाही तर बारीक काचपेपर आणि कंपाउंड पुरेल. अडकले तर विचार करा. तळाशी वेगळा रंग किंवा काचेचे धागे दिसले, तर जेलकोट फुटला आहे आणि तो भरावाच लागेल, कारण उघड्या धाग्यांवाटे पाणी आत झिरपते.

काही रेघा तर ओरखडे नसतातच. धक्क्याला टांगलेल्या जुन्या टायरांचे काळे पट्टे किंवा शेजारच्या बोटीचा लागलेला रंग या जेलकोटवर चढलेल्या वस्तू आहेत, त्यातून गेलेले काही नाही. थिनर किंवा ॲसिटोन लावलेल्या फडक्याने आधी पुसून पाहावे. पुष्कळदा सगळी दुरुस्ती तेवढ्यातच संपते.

याच्या उलट, ओरखड्यासारखी दिसणारी आणि खरोखर गंभीर असलेली एक गोष्ट आहे: तडा. ओरखड्याला दिशा असते. तो कुठून सुरू झाला आणि कुठे संपला ते सांगता येते, त्याच्या कडा घासलेल्या असतात. तड्याच्या कडा धारदार असतात, तो केसासारखा बारीक असतो आणि बहुतेक वेळा एकटा नसतो. एका बिंदूपासून चहूकडे पसरलेले तडे म्हणजे तिथे काही आदळले आहे. दोरखंड बांधायच्या खुंट्याच्या किंवा रेलिंगच्या पायाभोवती गोलाकार तडे असतील, तर ती जागा भाराखाली वाकते आहे. लांब समांतर तडे एखाद्या कोपऱ्यात असतील, तर तिथे जेलकोट जरुरीपेक्षा जाड बसलेला असू शकतो, किंवा आतला आधार सुटलेला असू शकतो. जेलकोटमध्ये काचतंतू नसतात, म्हणून तो कडक पण ठिसूळ असतो. मागचा थर लवला की पुढचा आधी तडकतो. अशा तड्यात लांबी भरून वरून चकाकी आणणे मला धोक्याचे वाटते. खुणा मिटतात आणि वाकणे चालूच राहते. आधी आतल्या बाजूने पाहावे, नाण्याने ठोकून आवाज ऐकावा. घट्ट थराचा आवाज टणक येतो, सुटलेल्या थराचा बद्द. आवाज बद्द असेल तर हे काम शोभेचे राहिले नाही.

ओरखडा उथळ आहे असे ठरले, की पहिले काम धुण्याचे. गोड्या पाण्याने आणि साबणाने, कारण मिठाचा एखादा कण किंवा वाळूचा खडा कागदाखाली सापडला तर तो नवे ओरखडे काढतो. त्यानंतर मेण उतरवायचे, आणि हे घासण्याआधीच करायचे. जुने मेण किंवा सिलिकॉनचे पॉलिश असताना काचपेपर चालवला तर तो ते पुसत नाही, उलट खाचांत कोंबतो, आणि पुढे काही भरायचे झाले तर तिथे ते धरत नाही. मेण उतरवणारे द्रावण लावून एका फडक्याने पुसायचे आणि ते सुकण्याआधी दुसऱ्या स्वच्छ फडक्याने उचलून घ्यायचे. एकच फडके फिरवत राहिले तर मेण इकडचे तिकडे होते, एवढेच.

मग पाण्यात भिजवून वापरायचा काळा काचपेपर. त्याच्या मागे लिहिलेला आकडा कणांची बारीकी सांगतो. ४०० नंबरचा कण सुमारे ३५ मायक्रॉनचा, १००० चा १८ च्या आसपास, २००० चा साधारण १०. शक्य तेवढ्या बारीक कागदापासून सुरुवात करावी. १००० ने जाणारी रेघ ४०० ने घालवणे म्हणजे अंगावर आणखी खोल रेघा ओढून त्या पुसत बसणे. कागद बोटांनी न दाबता रबराच्या किंवा लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळावा. बोटांखाली दाब असमान पडतो आणि नंतर उन्हात तिरपे पाहिले की लाटा दिसतात. एका नंबराने एका दिशेत घासावे, पुढच्या नंबराने त्याला आडवे. आधीच्या दिशेच्या रेघा पूर्ण गेल्या की तो नंबर संपला. ही साधी युक्ती पाळली तर अंदाजावर अवलंबून राहावे लागत नाही. पाणी भरपूर हवे. ते धूळ वाहून नेते आणि कागद भरू देत नाही.

२००० नंतरही पृष्ठभाग धुरकटच दिसतो, त्याने घाबरू नये. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते, आणि आरशासारखी चकाकी यायची तर खाचा त्याहून लहान व्हाव्या लागतात. ते काम कागदाचे नाही, रबिंग कंपाउंडचे. लोकरीच्या पॅडवर मशीन मंद गतीने चालवावे आणि एका जागी कधीही थांबवू नये. घर्षणाने जेलकोट तापतो आणि जास्त तापला की पिवळा पडतो. तो डाग मूळ ओरखड्याहून वाईट दिसतो आणि पॉलिशने जात नाही. लहानशा जागेसाठी मी हातानेच कंपाउंड लावण्याच्या बाजूचा आहे. वेळ लागतो, पण कडा वाचतात.

आता खोल ओरखडा. इथे पहिली पायरी मनाला पटत नाही: ओरखडा भरण्याआधी मोठा करायचा. बारीक खाच तशीच ठेवून वर जेलकोट फासला तर तो दाट पदार्थ तळापर्यंत उतरत नाही, खाली हवा अडकते आणि काही महिन्यांत तुकडा उडतो. शिवाय जुना जेलकोट पूर्ण कडक झालेला असल्यामुळे नव्याशी त्याचा जवळपास काहीच रासायनिक सांधा होत नाही. नवा धरतो तो खडबडीत पृष्ठभागाला पकडून. म्हणून टोकदार खरवडणीने खाच इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात उघडायची, कडा उतरत्या करायच्या, ८० ते १२० नंबरच्या कागदाने आतून खरखरीत करायची आणि ॲसिटोनने पुसून पूर्ण सुकू द्यायची. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप कडेपासून थोडी दूर लावायची. ओल राहिली तर सगळेच फुकट जाते.

जेलकोटला कडक करणारा हार्डनर वजनाच्या एक ते दोन टक्के लागतो. दहा ग्रॅम जेलकोटला हे प्रमाण थेंबांतच मोजावे लागते. डब्यावर जे लिहिले असेल ते प्रमाण मानावे. कमी पडला तर थर आतून कधीच पुरता कडक होत नाही, जास्त झाला तर ठिसूळ होतो आणि रंग बदलतो. कोकणातल्या एप्रिलच्या उष्म्यात हाताशी मोजकीच मिनिटे असतात, तेव्हा थोडेच कालवावे. इथे एक गोष्ट अतिशय गांभीर्याने सांगायला हवी. हा हार्डनर सेंद्रिय पेरॉक्साइड आहे. डोळ्यात थेंब उडाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नये, आणि डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहून तसेच डॉक्टरकडे जावे. रेझिनच्या कामात ‘कोबाल्ट’ म्हणून ओळखला जाणारा जांभळा द्रवही असतो. तो आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होऊ शकतो. हल्ली बहुतेक जेलकोटमध्ये कोबाल्ट आधीच घातलेला असतो, पण दोन्ही बाटल्या शेजारी ठेवणारी दुकाने आणि कारखाने अजून आहेत.

कालवलेला जेलकोट खाचेत भरला, थोडा वर ठेवला (कारण कडक होताना तो काही टक्के आक्रसतो), आणि दुसऱ्या दिवशी हात लावला तर वरून चिकट. अनेकांची समजूत अशी होते की हार्डनर कमी पडला. खरे कारण हवेत असते. हे रेझिन साखळी-अभिक्रियेने कडक होते, आणि हवेतला ऑक्सिजन ती साखळी पुढे नेणाऱ्या कणांना मध्येच पकडतो. त्यामुळे हवेला लागून असलेला पातळ थर अर्धवट राहतो. बोट घडताना ही अडचण येत नाही. तिथे जेलकोटचे तोंड साच्याला टेकलेले असते, हवा पोचतच नाही. मागची बाजू चिकट राहते ती उलट फायद्याची, पुढचा थर तिला घट्ट धरतो. दुरुस्तीत सगळे उलटे झालेले असते, चेहरा हवेत असतो. म्हणून साच्याचे काम आपण झाकणाकडून करून घ्यायचे. सेलोफेन किंवा जाड पारदर्शक फिल्म वरून ताणून टेपने बसवायची, बुडबुडे बाजूला सारायचे. दुसरा मार्ग म्हणजे मेण मिसळलेला जेलकोट. कडक होताना ते मेण वर येऊन स्वतःच पडदा धरते. मात्र त्यावर दुसरा थर द्यायचा असेल तर तो मेणाचा पडदा आधी घासून काढावा लागतो.

रंग जुळवणे हा या सगळ्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि चांगला कारागीर इथेच ओळखू येतो. पांढरा रंग एक नसतो. कारखान्यातून निघालेल्या पांढऱ्याच्या तुलनेत दहा वर्षे उन्हात राहिलेल्या पांढऱ्यात पिवळ्याची, करड्याची छटा आलेली असते. अतिनील किरणांनी वरचा थर झिजून त्याची पांढरी भुकटी होते, बोट चोळले की हाताला लागते. म्हणून रंग जुळवण्याआधी शेजारची जागा कंपाउंडने साफ करून खरा रंग वर आणावा, आणि त्याच्याशी जुळवावे. पांढऱ्यात पिवळी माती, काळा, क्वचित तपकिरी रंगाची पेस्ट काडीच्या टोकाने घालत जावे. थेंबभर काळ्याने सगळे करडे होते, आणि मग परत फिरता येत नाही, वाढत्या पांढऱ्यात ते बुडवावे लागते. ओला रंग आणि कडक झालेला रंग सारखा नसतो, त्यामुळे बोटीवर टेप चिकटवून त्यावर हार्डनर घातलेला नमुना लावावा, तो कडक होऊ द्यावा, आणि उघड्यावर, सावलीत पाहावा. दिव्याखाली जुळलेला रंग धक्क्यावर वेगळा निघतो. नमुन्याचे प्रमाण वजनाने वहीत लिहून ठेवणारे कारागीर आहेत, आणि त्यांच्याकडे तीच बोट दुसऱ्यांदा आली तर अर्धा दिवस वाचतो. अगदी जुळलेली दुरुस्तीसुद्धा पुढच्या उन्हाळ्यात किंचित वेगळी दिसू लागेल, कारण नवा थर आणि जुना थर उन्हाला सारखे उतरत नाहीत. हातभर अंतरावरून न दिसणारी दुरुस्ती मी उत्तम मानतो.

थर पुरता कडक झाला की फिल्म काढून उंचवटा ठोकळ्यावरच्या ३२० किंवा ४०० नंबरने उतरवायचा. इथे घाई झाली तर शेजारचा धडधाकट जेलकोट घासला जातो. उंचवट्याभोवती टेप लावली की कागद तिला स्पर्श करताच कळते. पुढे ६००, १०००, २०००, कंपाउंड, सगळे वर सांगितल्याप्रमाणे.

कोकणात या कामाला एक मोठी अडचण आहे, ती ऋतूची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बोटी वर ओढलेल्या, झावळ्यांनी किंवा ताडपत्रीने शाकारलेल्या, माणसांना सवड. दुरुस्त्या साहजिकच याच काळात निघतात, नारळी पौर्णिमेआधी सगळे तयार हवे असते. पण हवेत ओल ठासून भरलेली असते. लाकडाच्या होडीला राळ आणि तेल चोळणाऱ्या पिढ्यांनाही हा ताप होताच, मात्र पॉलिएस्टर रेझिन ओलीच्या बाबतीत अधिक नाजूक आहे. बोट पाण्याबाहेर निघाली की मेच्या शेवटच्या उघाडीत भरण्याचे काम उरकून घ्यावे, आणि घासण्या-चमकवण्याचे पावसाळ्यावर सोडावे. घासायला तसेही पाणीच लागते.

पाण्याखालच्या भागाचे गणित वेगळे. तिथे चकाकी कोणाला दिसत नाही, आणि शिंपले-शेवाळ चिकटू नये म्हणून लावलेला विषारी रंग वर असतोच. त्या रंगाला कोरडे घासू नये. त्याची धूळ फुप्फुसात जाते, आणि फार जुन्या बोटीवर खालच्या थरांत कथिलाचे संयुग असलेला रंगही निघू शकतो. या संयुगावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि तो २००८ मध्ये अमलात आला. पाण्याखालचा ओरखडा इपॉक्सीने भरलेला बरा, कारण ते जुन्या पॉलिएस्टरला अधिक चांगले धरते आणि पाणी कमी झिरपू देते. मात्र याचे उलट चालत नाही. इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट कडक होत नाही आणि नीट धरतही नाही. म्हणून पाण्याच्या रेषेवर, जिथे शेवटी जेलकोटचीच चकाकी हवी आहे, तिथे इपॉक्सी भरून ठेवू नये. आणि तळाला ओरखड्यांऐवजी फोड दिसले, ते फोडल्यावर आंबूस वासाचा द्रव निघाला, तर पाणी आतल्या थरात शिरून रेझिनमधले घटक विरघळवते आहे. ते वेगळे आणि मोठे काम आहे.

हे सगळे जेलकोटचे झाले. पुष्कळ जुन्या फायबर बोटींवर नंतर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग मारलेला असतो. तो थर कितीतरी पातळ असतो, आणि त्यातल्या काही प्रकारांची चकाकी अगदी वरच्या कातडीत असते, ती रबिंगने उडाली की परत येत नाही. साच्यातून एकसंध निघालेल्या पॉलिथिनच्या कयाकला तर रेझिन भरताच येत नाही, त्या प्लॅस्टिकला ते धरत नाही. तिथे उठलेले कुसळ धारदार पात्याने छाटावे आणि ओरखडा राहू द्यावा.

दुरुस्तीनंतर सगळ्या बाजूला मेण लावावे, कारण घासलेला जेलकोट उघडा असतो आणि मळ व ऊन दोन्ही लवकर पितो. आपल्याकडच्या उन्हात वर्षातून दोनदा मेण लावले तर रबिंगची गरजच पुष्कळ मागे ढकलली जाते. उरलेला कालवलेला जेलकोट कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. कडक होताना तो तापतो, आणि जाड साचलेला असेल तर शेजारचा कागद पेटवू शकतो. भांडे उघड्यावर, दगडावर किंवा वाळूत ठेवून थंड होऊ द्यावे. न कालवलेल्या डब्यावर उघडल्याची तारीख घालावी. सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवला तरी तो काही महिन्यांतच दाट होऊ लागतो आणि किनाऱ्यावरच्या उष्म्यात त्याहून लवकर. धागे सुटलेला, गुठळ्या धरलेला जेलकोट थिनर घालून पातळ करून वापरू नये.